शे, आबा

खोटं वाटलं तर वाटू द्या. पण हे माझ्या आजोबांच्या, हिलालनानांच्या बाबतीत घडलंय. मरेपर्यंत त्यांनी यातला एक शब्द बदलला नाही.

साल एकोणीसशे एकोणसत्तर. वैशाखातली भर दुपार. दोंडाईच्याच्या उत्तरेला, तापीकाठचं आमचं गाव.

आधी उखर्डूआबा कोण ते ऐका. तापीवर मालाच्या होड्या लुटणारा म्हातारा! सत्तरीतही भरलेलं पोतं एका हाताने उचलायचा. व्यापारी त्याच्या नावाने चळचळा कापायचे. आणि हाच माणूस टोळीतल्या पाच जणांना पोटच्या पोरांसारखं जपायचा. त्यातलेच एक आमचे नाना.

जेवायला बसले की आबा एकेकाचं नाव घ्यायचा. ज्याने त्याने म्हणायचं, "शे, आबा." म्हणजे, मी आहे. पाचवा 'शे' आल्याशिवाय कुणी भाकरी मोडायची नाही.

पुढे आबाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मग तो पोरं आवाजावरच मोजायचा.

अडुसष्टच्या पावसाळ्यात नानांची बायको लताबाई घरी बाळंतपणात अडली होती. आबा सोडणार नाही, अशी नानांना धास्ती. त्यांनी नकला करण्यात पटाईत असलेल्या झुलालला गळ घातली.

"मन्हं नाव उनं की तूच शे म्हनजो."

झुलालने नानांच्या आवाजात 'शे' म्हटलं. आबाने भाकरी मोडली. नाना केव्हाच घराकडे सुटले होते.

त्याच दुपारी पूर आला. होडी सुटली. चौघांनी आबाला ओढत काठावर आणलं. म्हाताऱ्याने धापा टाकत नावं घेतली...

एक कमी.

"आबा, तो घर शे!" झुलाल जीव तोडून ओरडला. पाण्याच्या आवाजात कुणाला काय ऐकू येणार?

"मना हिलाल होडीमा शे!" म्हणत आबा पुन्हा पाण्यात शिरला.

तो परत आलाच नाही.

इकडे नानांना मुलगी झाली. बाराव्या दिवशी नाव ठेवलं, झुंबर. पण नानांना त्या पुराच्या दिवसापासून घास गोड लागला नाही.

आता वैशाखातली ती दुपार. नाना पानावर बसले होते. अचानक गल्लीतली कुत्री गप्प झाली. मग चिमण्याही...

अंगणात कोरडा फुफाटा. आणि त्यात ओल्या पावलांचा आवाज.

"झुलाल..."

पलीकडच्या घरातून उत्तर आलं. "शे, आबा."

"कौतिक... आधार... वाल्मीक..."

एकेका घरातून एकेक 'शे'.

"हिलाल..."

लताबाईने नानांच्या तोंडावर हात दाबला. नानांनी तो बाजूला केला. त्यांना रडू फुटलं होतं.

"शे, आबा. मी शे. चुकनू मी."

नानांनी भाकरीला हात घातला.

"झुंबर..."

हे नाव तर आबा गेल्यावर ठेवलेलं!

पाळणा थांबला. नऊ महिन्यांची पोर, अजून 'आई' म्हणत नव्हती. पाळण्यातून स्वच्छ आवाज आला.

"शे, आबा."

झुंबर म्हणजे माझी आई. आजही पानावर बसली की ती मान तिरकी करून ऐकते, हळूच 'शे' म्हणते आणि मगच जेवते. आम्हाला सवय झाली होती.

परवा मात्र 'शे' म्हणूनही तिने भाकरी मोडली नाही.

"आई, काय झालं?"

"तुनं नाव लिन्हं त्यानी. बोल ना."

मी अजून बोललो नाही. आई तीन दिवसांपासून उपाशी आहे.