काट्याला न दिसलेलं चालणं

तीन महिने रोज चालून माणसाचं वजन रतीभरही कमी झालं नाही, तर ते चालणं गेलं तरी कुठे?

सांगलीच्या हळदबाजारात, २०५८ साली, मिथिलाला हाच प्रश्न पडला होता. तिचे पप्पा सुभानराव तिथले माल तोलणारे मापाडी. पोती उचलायला यंत्रमानव आले, हमाल रिकामे झाले, पप्पांना काट्यापाशी नुसतं बसायचं काम उरलं आणि बसून बसून त्यांचं वजन एकशे आठ किलोंवर गेलं. मधुमेह उंबरठ्यावर आला, म्हणून मिथिला त्यांना रोज चालायला ओढून नेत होती. आज ते स्वतःच काट्यावर चढले. पुन्हा एकशे आठ!

"बास झालं," पप्पा म्हणाले. "काटा कुणाची भीड ठेवत न्हाई. उद्यापासनं चालणं बंद."

मिथिलाला रडू फुटायचंच बाकी होतं. तिने तडक वैजयंता आत्याला बोलावलं. आत्या संप्रेरकांवर (ग्रंथी रक्तातून पाठवतात त्या रासायनिक निरोपांवर) संशोधन करायची. चालणं सुरू झालं त्या पहिल्याच दिवशी तिने पप्पांच्या दंडावर रक्त तपासणारी टिकली चिकटवली होती.

"दादा, तू वजन मोजलंस, मी इन्सुलिन मोजलं," आत्या म्हणाली. "रक्तातली साखर आत घ्या, हा निरोप इन्सुलिन पेशींना देतं. चरबी फार वाढली की पेशींना तो नीट ऐकू येत नाही. मग स्वादुपिंड (इन्सुलिन बनवणारी ग्रंथी) आणखी आणखी इन्सुलिन सोडतं."

"सौद्यात गलका झाला की आम्ही वरडतो, तसं?"

"अगदी तसंच. ओरडून ओरडून ते थकलं की मधुमेह गाठतो. पण भरभर, सलग चाललं की स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढून घेतात आणि नंतरही त्याचं लवकर ऐकतात. हे बघ, उपाशीपोटी तुझं इन्सुलिन तीन महिन्यांपूर्वी बावीस होतं, आज चौदा."

"मग वजन का उतरलं न्हाई?"

"चालून आल्यावर भजी कोण खातं? तेही हळूहळू बघू. पण शरीर आतून सुधारायला वजनासाठी अडून बसत नाही."

"आणि थांबलो तर?"

"आठवड्याभरात हे सगळं ओसरायला लागेल."

"म्हंजे पोरीनं मला उगाच न्हाई ओढलं," पप्पा म्हणाले. ते उठले. "मिथू, उद्या सकाळी चालायचं न्हाई."

मिथिला त्यांच्या वाटेत आडवी उभी राहिली.

"आत्ताच जाऊया. हमालांनाबी हाक मार, सगळीच बसून फुगल्यात."

त्या संध्याकाळी बाजाराच्या आवारात सात माणसं धापा टाकत चालली होती आणि पप्पा मिथिलाच्याही चार पावलं पुढे होते.