उन्हाळी मांजर

“चोर! चोर! पुन्हा घेऊन पळाली!”

हातातली बादली टाकून उर्हो धक्क्यावरून धावत सुटला आणि ओल्या फळीवर घसरून सपशेल आडवा झाला.

“मासा गेला तर गेला, दात तरी सांभाळ!” हेल्का ओरडली. ती याच गावची. धक्क्यावर कसं चालायचं, हे तिला कुणी शिकवावं लागत नव्हतं.

उर्हो आणि त्याची मोठी बहीण सायमी दर वर्षी पानगळीच्या सुट्टीत तळ्याकाठी आजोबांकडे येत. सुट्टीचं मुख्य काम ठरलेलं. आजोबांच्या जाळ्यात सापडलेले बोटभर लांबीचे चंदेरी मुइक्कू मासे साफ करायचे आणि एकमेकांच्या अंगावर खवले उडवायचे! एरवी या कामात हाल्लीही असायचा. आजोबांचा हा म्हातारा कुत्रा माशांवर भुंकायचा, बादलीवर भुंकायचा, कुणी नसलं तर तळ्यावर भुंकायचा. पण जूनमध्ये हाल्ली गेला. आजोबांनी त्याला रोवनच्या झाडाखाली पुरलं, त्याचं ताटलं पडवीतल्या फळीवर पालथं घातलं आणि सगळ्यांना सांगून टाकलं, “आता या घरात जनावर नको. पुरे झालं.”

तेव्हापासून आजोबा फारसं बोलतच नसत. मुळात ते बडबडे नव्हतेच, त्यात ही भर.

“एक गंमत बघितलीत?” सायमी सुरी पुसत म्हणाली. “त्या मांजरीच्या बरगड्या मोजता येतील इतकी ती वाळलीय. पण मासा खात नाही. तोंडात धरून कुठेतरी घेऊन जाते.”

“डबा नेत असेल घरी!” कोपर चोळत उर्हो म्हणाला.

“तिला कुठलं घर?” हेल्काने नाक मुरडलं. “उन्हाळी मांजर आहे ती. पिवळ्या बंगल्यात उन्हाळ्यापुरत्या राहायला येणाऱ्या पालमरोस काकूंची. जूनमध्ये शहरातून आणायची, पोरांनी खेळायचं, आणि ऑगस्टमध्ये सामान भरताना नेमकी तीच विसरायची!”

मग काय! मासे राहिले बादलीत आणि तिघंही मांजरीच्या मागावर निघाले. करडी मांजर काठाकाठाने जाऊन पालमरोसांच्या पिवळ्या बंगल्यामागे वळली. बंगला कधीचाच बंद झाला होता. मुलं झुडपांआडून वाकून बघू लागली, आणि नेमका त्याच वेळी उर्हो शिंकला.

“आ...क् छी!”

मांजर दिसेनाशी झाली.

“तुझ्या नाकाला कुलूप लावायला हवं!” हेल्का चिडली.

“उद्या बघू. मासे तसेच पडलेत, आजोबा रागावतील,” सायमी म्हणाली.

उद्या! आणखी थोडा वेळ तिथेच थांबलो असतो तर? हा विचार सायमीच्या मनातून पुढे कितीतरी दिवस गेला नाही.

सकाळी उठून पाहतात तर गवत पांढरंफटक झालेलं. वर्षातलं पहिलं हिव पडलं होतं. उर्होने सगळ्यात मोठा मुइक्कू निवडून धक्क्याच्या टोकाला ठेवला आणि नाक दाबून बसून राहिला. मांजर आली नाही.

“चला,” सायमी एवढंच म्हणाली.

मांजर पिवळ्या बंगल्यामागे सापडली. घराच्या दगडी पायाला लागून ती कुशीवर पडली होती. तिच्या मिश्यांवर हिवाचे कण होते. एक पाय पुढे ताणलेला, आणि त्या पायाखाली अर्धा मासा.

उर्होने तिला हात लावला आणि लगेच मागे घेतला. “ती... ती गार आहे, ताई.”

तो रडू लागला. एरवी हेल्काने त्याला चिडवलं असतं, पण आज तीच तोंड फिरवून उभी राहिली. तेवढ्यात सायमीने ओठांवर बोट ठेवलं. आतून आवाज येत होता. अगदी बारीक, कुणीतरी नखाने लाकूड खरवडावं तसा. मग एक क्षीण ‘म्याँव’.

मांजरीचा पाय जिथे पोचला होता तिथे लाकडी झडप होती. घराखालची हवा खेळती राहावी म्हणून अशा झडपा उन्हाळाभर उघड्या असतात आणि थंडी आली की स्क्रूने घट्ट बंद करतात. झडपेखाली बोटभर फट राहिली होती. फटीच्या दोन्ही बाजूंना माशांचे खवले चिकटले होते.

“पिल्लं आत आहेत!” हेल्का ओरडली. “झडप बंद झाली आणि ती राहिली बाहेर. ती फटीतून त्यांना मासे देत होती. सगळे मासे! स्वतः एकही न खाता!”

सायमी झडपेपाशी वाकली. झडपेची कडी जाळ्याच्या निळ्या दोरीने बांधलेली होती. तसली गाठ सायमी लहानपणापासून बघत आली होती. काठावरचे सगळे बंगले थंडीसाठी आजोबाच बंद करत.

इतक्यात मोटारीचा आवाज आला. पालमरोस काका-काकू आपली होडी थंडीआधी पाण्याबाहेर ओढून ठेवायला आले होते.

“झडप उघडायची? मुळीच नाही!” काकू म्हणाल्या. “उंदीर शिरतील घरात!”

“आत पिल्लं आहेत, काकू. तुमच्या मांजरीची.” हेल्काने जमिनीकडे बोट दाखवलं.

काकूंनी पाहिलं आणि पटकन मान वळवली. “आमची कसली! उन्हाळ्यापुरती आणली होती. निघताना कुठे हिंडत होती कोण जाणे, आम्ही थांबणार तरी किती? आणि मांजरं काय, आपापली जगतात.”

“हो ना! बघा ना किती छान जगली!” हेल्का फणकारली.

उर्होने बाहीला नाक पुसलं आणि अगदी गरीब चेहरा केला. “राहू दे काकू, नका उघडू. फक्त उन्हाळ्यात याल तेव्हा घरात शिरायची घाई करू नका, हं. आमच्या शाळेच्या जमिनीखाली उंदीर मेला होता. एवढासा उंदीर! वासापायी शाळेला सुट्टी द्यावी लागली. इथे तर मांजरं आहेत. किती आहेत ते अजून...”

“उघडा! आत्ताच्या आत्ता उघडा!” काकूंनी नाकाला रुमाल लावला.

हेल्का आजोबांना आणायला पळाली.

“शाळेत कुठे उंदीर मेला होता?” सायमीने हळूच विचारलं.

“नव्हताच मेला,” उर्हो म्हणाला आणि पुन्हा रडू लागला.

आजोबा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले. गुडघे टेकले. आधी त्यांना मांजर दिसली, मग फट, मग आपली निळी दोरी. त्यांचे हात थांबले. मग त्यांनी दोरी कापली आणि एकेक स्क्रू काढला.

सगळ्यात बारीक उर्हो! तो टॉर्च घेऊन पोटावर सरपटत आत गेला.

“तीन आहेत!” आतून आवाज आला. मग अगदी हळू, “दोन उठत नाहीत.”

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या स्वेटरमध्ये मुठीएवढं करडं पिल्लू थरथरत होतं. आजोबांनी डोक्यावरची लोकरी टोपी काढून त्याला त्यात गुंडाळलं.

“दर वर्षी आधी हाल्ली आत जायचा,” ते टोपीकडेच बघत म्हणाले. “शिंकत, जाळी-जळमटं घेऊन बाहेर यायचा. मग मी झडप लावायचो. या वर्षी मीच वाकून बघायला हवं होतं. पण नाही वाकलो.”

जमीन अजून गोठली नव्हती. मांजरीला आणि तिच्या दोन पिल्लांना त्यांनी रोवनखाली, हाल्लीच्या शेजारी पुरलं. पालमरोस काकांनी न सांगता फावडं हातात घेतलं. काकू जरा लांब उभ्या होत्या.

“मिसू,” त्या एकदम म्हणाल्या. “तिचं नाव मिसू होतं.”

“नाव ठेवलं होतंत,” आजोबा म्हणाले, “तर हाक मारायची होती.”

काकूंनी खाली पाहिलं.

वाफेने अंघोळ करायच्या खोलीतली, सौनाची भट्टी आदल्या दिवशी पेटवली होती, लाकडी बाकं अजून कोमट होती. पिल्लू तिथे शेकलं आणि थरथरायचं थांबलं. घरी आल्यावर आजोबांनी फळीवरचं पालथं ताटलं उचललं, बाहीने पुसलं आणि त्यात माशाचे बारीक तुकडे टाकले.

“पण आजोबा, तुम्ही तर म्हणाला होतात, घरात जनावर नको...” उर्होने घाबरत विचारलं.

“म्हणालो होतो,” आजोबा म्हणाले. “तुम्ही पोरांनी बघितलंत. आम्ही एवढे मोठे, पण एकानेही बघितलं नाही. शाब्बास रे! आता गप्प बसा, त्याला खाऊ द्या.”

पण पिल्लू खाईना! त्याने ताटलं हुंगलंसुद्धा नाही. लटपटत ते थेट पडवीच्या दाराशी गेलं आणि दाराखालच्या फटीला नाक लावून बसलं. हेल्काने उचलून आणलं, ते पुन्हा तिथेच गेलं. सायमीने तुकडा त्याच्या तोंडाशी धरला, त्याने मान फिरवली आणि फटीकडे बघत राहिलं.

“त्याला भूक नाही का?” उर्होने विचारलं.

“आहे,” सायमी म्हणाली. “पण खाणं फटीतूनच येतं, एवढंच त्याला ठाऊक आहे. ते तिची वाट बघतंय.”

आजोबांनी कोट घातला. ताटलं घेऊन ते थंडगार पडवीत गेले आणि मागे दार लावून घेतलं. पलीकडे त्यांचे गुडघे कुरकुरल्याचा आवाज आला. मग दाराखालून माशाचा एक छोटा तुकडा हळूच आत सरकला.

पिल्लाने तो खाल्ला. मग दुसरा. मग तिसरा.

“खातंय का गं?” दारापलीकडून आजोबांनी विचारलं.

“खातंय, आजोबा.”

ताटलं रिकामं झालं, तरी आजोबा बराच वेळ आत आले नाहीत. मुलांनीही दार उघडलं नाही. पिल्लू मात्र फटीला अंग चिकटवून तिथेच झोपी गेलं.