आईला पाईच्या वाटेने नेलं

मेहोंगसोनला जायचंय? मग बसा जरा. खिडकी उघडायला अजून अर्धा तास आहे. तोवर कॉफी घ्या, समोरच्या बाईकडे केळीच्या पानातला चिकट भातही मिळतो. तिला सांगा सिंगखामने पाठवलंय, म्हणजे कालचा देणार नाही.

वाटा तीन. विमानाने पाऊण तास. पण हा मार्च आहे, डोंगर पेटलेत, धुरात धावपट्टी दिसत नाही आणि चार दिवसांत तिकडे एक विमान उतरलेलं नाही. दुसरी वाट पाई गावावरून. छोटी व्हॅन, सहा तास, आणि वळणं इतकी की पोटातला परवाचा भातसुद्धा वर येतो. तिसरी मेसारियांगवरून. मोठी बस, आठ-नऊ तास, मध्ये जेवायला थांबते. लांबची आहे, पण वाट गरीब आहे, कुणाला त्रास देत नाही.

चियांग माईच्या या बसतळावर बावीस वर्षं मी हेच सांगतोय. पूर्वी सगळ्यांना पाईवरूनच पाठवायचो. लवकर पोचतात, शिव्या कमी देतात. आता कुणी काहीही मागो, मी मेसारियांगचं तिकीट पुढे करतो. मालक कुरकुरतो. तुम्ही एकटे आहात आणि चेहऱ्यावरून ऐकणारे वाटता म्हणून सांगतो. शिवाय तुमच्याकडे माझं एक काम आहे.

माझी आई बुआखाम. मेहोंगसोनजवळच्या पांगमू गावची. वर्षातून दोनदा मला भेटायला यायची. पिशवीत सोयाबीनच्या वाळवलेल्या चकत्या, लसूण, घाण्यावरच्या तिळाच्या तेलाची बाटली. मी मात्र तिकडे जायचो नाही. जगाला वाट दाखवायची आणि स्वतः घरी जायचं नाही, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. शेवटची चार वर्षं तर मी गावाचं तोंड पाहिलं नव्हतं.

आई नेहमी मेसारियांगच्या बसने यायची-जायची. तरुणपणी एकदा पाईवरून आली होती, तेव्हा अशी आजारी पडली की त्या वाटेचं नावच टाकलं. आणि मेसारियांगला तिची धाकटी बहीण होती, चानपेनमावशी. बसथांब्यासमोर मावशीचं नूडलचं दुकान आहे. बस तिथे अर्धा तास थांबते. दोघी बहिणी गप्पांत अशा रंगायच्या की बस निघून जायची, आणि आई खुशाल पुढच्या बसची वाट बघत बसायची.

गेल्या वर्षी याच दिवसांत तिला इथल्या दवाखान्यात आणली. छातीत धूर भरला होता. शेवटच्या दिवशी म्हणाली, "सिंग, घरी नेशील ना मला?"

"नेईन की."

"मेसारियांगवरून ने. चानपेनकडे वाटीभर नूडल खाऊ. त्या दुसऱ्या वाटेने नको बाबा, तिथे मला काही सुधरत नाही."

"हो गं," मी म्हटलं. फोनमध्ये बघत म्हटलं. ती बरी होऊन जाण्याविषयी बोलतेय असं मला वाटलं होतं.

बुधवारी पहाटे ती गेली. उजाडताच तिचा भाऊ आला, इन्तामामा, रात्रीच गावाहून निघालेला, आपला जुना पिकअप घेऊन. मामा तरुणपणी बरीच वर्षं भिक्खू होता, त्यामुळे कमी बोलतो आणि जे बोलतो ते लागतं.

"कुठून न्यायचं?" त्याने विचारलं.

"पाईवरून."

"तिने काय सांगितलं होतं?"

"मामा, मेसारियांगवरून रात्र होईल. शुक्रवारी अग्नी देत नाहीत. म्हणजे उद्याच उरकायला हवं."

"उरकायला," मामा म्हणाला. "शब्द चांगला शोधलास."

शुक्रवारचं खरं होतं. पण रात्री पोचलो असतो तरी गुरुवार हातात होताच. मला रजा दोनच दिवसांची होती आणि लवकर परतायचं होतं. आईच्या शेवटच्या प्रवासातले तीन तास वाचवले मी. आज लाज वाटते, तेव्हा वाटली नाही.

मामाने दवाखान्यातल्या खाटेशी उदबत्ती लावली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "पांगमूची बुआखाम, ऊठ. घरी चाललोय." मग ती उदबत्ती आणि लाह्यांची पिशवी माझ्या हातात दिली.

"तू मागे बस, तिच्यापाशी. पूल आला, फाटा आला, पुढचं दिसत नाही असं वळण आलं, की सांगायचं तिला. नाहीतर मागे राहते. लाह्या टाकायच्या. आणि दर वेळी गाव आणि नाव घेऊन हाक मारायची. नुसतं ये-ये करायचं नाही."

"आईला नावाने हाक मारू?"

"तिला एकटीलाच कळलं पाहिजे ना," मामा म्हणाला. "त्या वाटेवर ऐकणारे पुष्कळ आहेत."

पिकअपच्या हौद्यावर ताडपत्रीचं छत होतं. मध्ये शवपेटी, कडेला मी. शहर सुटेपर्यंत सगळं नीट झालं. पूल आला की मी म्हणायचो, "पांगमूची बुआखाम, पूल आलाय, चल, घरी जायचंय." मूठभर लाह्या मागे उडायच्या. बरं वाटत होतं. इतकं तिच्याशी मी कित्येक वर्षांत बोललो नव्हतो.

मग घाट लागला. भर दिवसा धुराने संध्याकाळ केली होती. सूर्य लालसर, बघवेल इतका मंद. दोन्ही बाजूंना जळून काळे पडलेले बांबू, मध्येच एखादा फट्‌ करून फुटायचा. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आणि वळणं... एक संपायच्या आत दुसरं. दहाव्या-बाराव्या वळणाला मला मळमळायला लागलं. विसाव्या वळणाला मी ताडपत्रीबाहेर डोकं काढून ओकलो.

आधी गावाचं नाव सुटलं. "बुआखाम, वळण आलंय, चल." मग तिचं नाव सुटलं. "आई, वळण." मग आईसुद्धा सुटली. दात घट्ट मिटून, डोळे बंद करून मी नुसता म्हणत राहिलो, "ये... वळण आहे... ये, घरी जायचंय... ये..." लाह्या टाकत होतो, तेवढं चुकलं नाही.

मध्येच डोळे उघडले तेव्हा एका वळणावर मृतात्म्यांसाठी मांडलेली लाकडी देवळी दिसली. तिच्यापुढे लोकांनी वाहिलेल्या झेब्र्याच्या मूर्तींची रांग, आणि खांबाला अडकवलेलं, मधोमध फुटलेलं हेल्मेट. त्या रस्त्याला जिथे जिथे माणूस गेला तिथे तिथे अशी देवळी आहे. सवयीने माझ्या तोंडून निघालंच, "ये, घरी जायचंय."

आणि हौदा खाली बसला.

माझा धंदा गाड्यांत माणसं बसवायचा आहे. मागे माणूस चढला की गाडी किती दबते, एका कुशीवर कशी कलते आणि मग तो सरकून बसला की कशी सावरते, हे मला डोळे बांधून कळतं. हौदा अगदी तसाच दबला, कलला, सावरला. पुढच्या वळणाला मी तोंड उघडलं नाही. तरी तो पुन्हा दबला. आता बोलवायचीही गरज उरली नव्हती.

उदबत्तीचा धूर मागे जायला हवा, गाडी पुढे जाते तसा. तो माझ्या गुडघ्यापाशी घोटाळत होता, आडोशाला कोंडल्यासारखा. ताडपत्रीखाली उकडायला लागलं. पेट्रोलचा वास आला, मग ओल्या कपड्यांचा, मग कुणाच्यातरी केसांच्या तेलाचा. आई केसांना तेल लावत नसे.

चढावर गाडी रडायला लागली. मामाने मधल्या काचेवर टकटक केलं. "काय भरलंयस रे मागे? पहिल्या गिअरवरही ओढत नाहीये."

मी मूठभर लाह्या मागे टाकल्या.

"नाव घेतोयस ना?"

"घेतोय," मी म्हणालो.

आरशात मामाचे डोळे थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग माझ्या बाजूला बघितलं त्याने, मग पेटीच्या पलीकडे. त्यानंतर पांगमू येईपर्यंत त्याने आरशाकडे पाहिलं नाही.

गावात पोचलो तेव्हा चौघांनी पेटी उतरवली. सहज उतरवली. एकजण म्हणालासुद्धा, "म्हातारी अगदीच हलकी झाली रे." मी पिकअपकडे बघत होतो. पेटी गेली तरी हौदा वर आला नव्हता. चाकांवर टेकलेला तसाच होता. मग तो बोटभर वर आला, थांबला. पुन्हा बोटभर. पुन्हा थांबला. एकेकजण उतरताना गाडी जशी मोकळी होते, तशी ती बराच वेळ मोकळी होत होती. अंगणातली कुत्री बाजूला सरून वाट देत होती.

गुरुवारी अग्नी दिला. रजा संपली तरी मी गावातच होतो. शनिवारी दुपारी चानपेनमावशीचा फोन आला. गुडघ्यांमुळे ती येऊ शकली नव्हती.

"ताईला न्यायला कधी येतोयस?" तिने विचारलं.

"मावशी... परवाच झालं गं सगळं."

"ते मला नको सांगूस. बुधवारी एकच्या बसमधून उतरली ती. कुत्रं उठून दारापर्यंत गेलं, शेपूट हलवत. तिच्या नेहमीच्या खुर्चीपुढे मी वाटी ठेवते, तासाभरात रस्सा गोठून जातो, एवढ्या उकाड्यात. दुपारी डोळा लागला की येते स्वप्नात. म्हणते, पुढच्या बसमध्ये चढायला जाते, पण कुणी हाक मारत नाही, मग पाय उचलत नाही."

"ती एकटी कशी आली तिकडे?"

"मामाने पहिली हाक मारली तेव्हा उठली. मग तू दुसरीकडे वळलास. ती आपल्या सवयीच्या बसमध्ये बसली. कुणाला नेलंस रे तू घरी?"

मी तसाच उठलो. लाह्या घेतल्या, मामाच्या पिकअपची किल्ली घेतली. सरळ मेसारियांगला जायचं, दारात उभं राहून नावाने हाक मारायची, आणि दर पुलावर, दर वळणावर नाव घेत तिला घरी आणायचं. भर दुपार होती. अंगण रिकामं. मी दार उघडून बसलो, किल्ली फिरवली.

पिकअप मागून खाली बसला. एकदा. मग परत. मग परत.

मामाने नऊ भिक्खूंना बोलावलं. त्यांनी दिवसभर पठण केलं. शेवटी त्यातले सगळ्यांत वृद्ध भिक्खू मला जवळ घेऊन हळूच म्हणाले, "नावं सांग, बाळ. ज्याचं नाव मिळेल त्याला मी परत पाठवतो."

नावं मला कुठली माहीत? मी तर त्यांना नुसतं ये म्हणालो होतो. घरी जायचंय म्हणालो होतो. मी जाईन तिकडे येतात आता. त्रास काही देत नाहीत. बसून असतात, आणि कुठलीही गाडी निघायची झाली की उठतात.

दोनदा मी याच बसमध्ये बसून बघितलं. पहिल्या खेपेला चढावर बस बंद पडली. दुसऱ्या खेपेला ड्रायव्हरने बसतळावरच मला हात जोडले. त्या दिवशी मावशीचा फोन आला. "ताई म्हणते, तू येऊ नकोस. म्हणते, त्याच्या मागे गर्दी फार आहे, मला बसायला जागा होणार नाही." मी काउंटरवर डोकं टेकून रडलो. आईला हवं होतं एवढंच, एक बस आणि वाटीभर नूडल, आणि मी तेही उरकलं.

म्हणून हे काम तुम्हाला सांगतोय. मावशीचे गुडघे गेलेत, मामालाही आता एवढा प्रवास झेपत नाही. बस एकच्या सुमाराला मेसारियांगला थांबेल. समोर दुकान आहे, दारात तांबडं कुत्रं. नूडल खा, चांगले असतात. निघताना भिंतीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणा, "पांगमूची बुआखाम, बस आलीय, चला, घरी जायचंय." गाव आणि नाव, दोन्ही. मग ही लाह्यांची पुडी, दर पुलावर चिमूट-चिमूट. पांगमूच्या फाट्यावर मामा उभा असेल. याआधी अकरा जणांना सांगितलं. कुणी हसलं, कुणी विसरलं, एक मुलगी कबूल झाली आणि आयत्या वेळी तिची जीभ उचलली नाही. तुम्ही विसरू नका. लागलं तर हातावर लिहून घ्या.

हं, खिडकी उघडायची वेळ झाली. हे तुमचं तिकीट. बस त्या टोकाला उभी आहे, निळी. मी तिथवर सोडायला येणार नाही, इथूनच बघतो.

तुम्ही पायरीवर पाय ठेवलात की क्षणभर थांबा. बस एका माणसाएवढी दबली तर निर्धास्त आत जा. जास्त दबली, तर काही न बोलता खाली उतरा आणि दहाच्या बसची वाट बघा. मागे वळून मला काही विचारू नका. आणि कृपा करून, कुणालाही ये म्हणू नका.