भगवंतरावांची जाड रेघ

बडनेरा स्टेशनावर दामिनीच्या हातातला तक्ता वाऱ्यानं हिसकावला आणि तो थेट समोरच्या तरुणाच्या छातीवर जाऊन आदळला.

"अहो— दुमडू नका!" ती ओरडली.

"मी काहून दुमडीन? तोच मले येऊन बिलगला," तो म्हणाला. पण तक्ता त्यानं अलगद धरला होता.

अकोल्याच्या गाडीला वेळ होता. तो तक्त्यावरचे गोल आणि बाण न्याहाळत राहिला.

"हे काय हाय?"

"गप्पा."

गुलाबी बोंडअळीनं कपाशी पोखरली, त्या साली दामिनी अमरावतीहून शेतकऱ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप चालवत होती. आज अकोल्याच्या मेळाव्यात त्या हंगामाची गोष्ट सांगायची होती. पण सुरुवात कुठून करावी, तेच उमजेना. शेवटी तिनं सगळं बोलणं चित्रात काढलं. माणूस म्हणजे गोल. कोण कोणाशी बोललं, त्याचा बाण. बोलणं जास्त, तर रेघ जाड.

"मंग ही एकच रेघ एवढी जाड?"

दामिनीचे कान तापले. रेघ तिच्या गोलापासून ‘भगवंतराव, धामणगाव’पर्यंत गेली होती. ‘कामगंध सापळ्यात बोंडअळीचे पतंग अडकले का?’ असं तिनं एकदा ग्रुपवर विचारलं, तर उत्तर आलं होतं, ‘नाही. चांदनं एवढं पडलं, पतंगबी तिकडंच पाहून राहिले.’ ती एकटीच हसली होती... आणि मग दचकली होती. बाबांच्या वयाचा माणूस! तिनं ती रेघ दोनदा खोडली, दोनदा ओढली. खोडावी तर चित्र खोटं. ठेवावी तर सारा ग्रुप बघणार. आणि ते समोर आले, की त्यांना म्हणायचं काय— काका?

"ते... माहितगार शेतकरी आहेत," ती कशीबशी म्हणाली.

"त्यायले मोबाईलचं लॉकबी उघडत नाही."

"तुम्ही ओळखता?"

"बाप हाय माझा." तो तक्त्याआड लपल्यासारखा झाला. "ग्रुपात नाव सातबाऱ्यावरचंच पाहिजे, हा नियम तुमचाच ना? वावर बाबाच्या नावावर. टाइप मी करतो... नितेश."

रागवावं की हसावं, दामिनीला कळेना. "मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

"सांगतलं असतं, तर तुमी मले ग्रुपातून काढलं असतं. पन एक पाहा. मले वाटे, मीच तुमच्या मागं हावो. हे बाण तर..."

तिनं पाहिलं. त्या जाड रेघेवरचे बहुतेक बाण तिच्याच गोलातून निघाले होते. चित्र तिनंच काढलं होतं, आणि हे तिला दिसलंच नव्हतं.

गाडीची घोषणा झाली. तिनं पेनाचं टोपण काढलं.

"खोडता?" त्याचा आवाज उतरला.

"रेघ नाही. नाव."

"नाव राहू द्या. बाबा कालच अकोल्याले गेले. मेळाव्यात आपलं नाव घेतीन म्हून नवं धोतर नेसून येऊन राहिले."

तिनं भगवंतरावांच्या खाली बारीक अक्षरात ‘नितेश’ लिहिलं.

"मग त्यांना ही रेघ कोण समजावून सांगणार?"

"तुमी," तो तक्त्याचं दुसरं टोक धरून डब्याकडे निघाला. "सुरुवात तुमीच करता ना."