दरीपलीकडची घंटा

"लादीना, अगं ह्या सगळ्या गाई दरीकडे का निघाल्यात?" फ्लूरीन ओरडला.

लादीनाने कान टवकारले. धुक्यात हातभरापलीकडचं दिसत नव्हतं, पण खुरांचे आवाज कड्याच्याच दिशेने चालले होते. सुट्टीत वरच्या कुरणावरचा कळप या चुलतभावंडांवर सोपवलेला, आणि आज नेमके बाबा चीज पोचवायला खाली गावात!

"ब्रूनाला वळव! ती वळली की सगळ्या वळतील."

"ब्रूना माझ्याजवळच आहे! पण तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाहीये!"

इतक्यात दरीपलीकडून घणघणाट आला. ही तर ब्रूनाची घंटा! धुक्यात कळप चालतो तो याच आवाजामागे.

"पलीकडच्या हॉटेलचे बात्तिस्ताकाका काल ती घासूनपुसून देतो म्हणून घेऊन गेले," फ्लूरीन रडवेला झाला, "आणि हिच्या गळ्यात ही टिणटिणी अडकवली!"

"तू काठी घेऊन कड्यावर उभा राहा. ओरड, दगड मार, काहीही कर! मी घंटा आणते."

"एकटा? मला तुडवतील गं!"

पण लादीना दरीवरच्या झुलत्या पुलावरून धावत सुटली होती.

हॉटेलच्या गच्चीवर पाहुण्यांची रांग! एकेक जण घंटा बडवत होता आणि बात्तिस्ताकाका फोटो काढत होते. लादीनाने घंटेला मिठीच मारली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हाही खेळच!

"पोरी, सोड! कुठलीही घंटा वाजली म्हणून काय बिघडतं?"

"काका, गाई हिच्यामागे दरीत चालल्यात! आणि कड्यावर फ्लूरीन एकटा आहे!"

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. लादीनाने स्वेटर काढून घंटेच्या लोलकाला गुंडाळला. वाटेत वाजली असती तर संपलंच होतं. दोघांनी ते धूड उचलून पूल ओलांडला आणि वरचा चढ गाठला.

"आता वाजवा!"

घण! घण! कुणीच येईना. लादीनाला हुंदका फुटला. "फ्लूरीन! ए फ्लूरीन!" उत्तर नाही. काका वेड्यासारखे घंटा हलवत राहिले.

मग धुक्यातून एक ओलं नाकाड पुढे आलं. मागून दुसरं. एकेक करत सगळा कळप आला, आणि सर्वांत शेवटी ब्रूनाच्या पट्ट्याला धरून लंगडणारा फ्लूरीन. ओरडून ओरडून त्याचा आवाज पार बसला होता.

संध्याकाळी बाबांनी सगळं ऐकलं. काका मान खाली घालून म्हणाले, "या पोरांनी माझी अब्रू राखली." बाबांनी फ्लूरीनला नुसतं पोटाशी धरलं. मग घंटेचा पट्टा लादीनापुढे केला. हा पट्टा बांधायचा मान कळपाच्या मुख्य गुराख्याचा. आजवर तो बाबांशिवाय दुसऱ्या कुणी ब्रूनाच्या गळ्यात बांधला नव्हता.

"बांध."

तिने घाईघाईने पट्टा ओढला, पण बक्कल लागेचना.

"सावकाश," बाबा म्हणाले. "तुझा कळप आहे, थांबेल."