ओळखीचा हात

"थांबा ना! नाडी बघायचीय!"

तो थांबेचना. नारीन या डोंगरातल्या गावच्या मैदानावर, वितळत्या बर्फाच्या चिखलात, त्याचं मनगट धरून मी बाजूनं फरफटत होते.

"घामेजलेला घोडा कधी उभा करतात का, एजे? फिरवून निववतात."

माझ्याहून मोठा असून मला 'एजे', ताई म्हणत होता!

"तुम्ही घोडा आहात?"

"माझा घोडा तरी तसंच समजतो."

हा एर्मेक. घोड्यावरून बोकडाचं धड पळवायच्या खेळात, कोक-बोरूत, संघातला सर्वांत चपळ स्वार. मी बेगिमाय; स्वारांचा दमसास तपासून प्रत्येकाचा सराव आखून देणारी. पायी धावणं या मंडळींना शिक्षाच! एर्मेक मात्र सांगेन तेवढी टेकडी हिवाळाभर चढला. दम वाढला… पण धावल्यावर मिनिटभरात नाडी उतरायला हवी, ती काही उतरेना.

"पुढच्या चाचणीतही हेच, तर संघाबाहेर," प्रशिक्षक तोक्तोसून-आके म्हणाले. आके म्हणजे वडीलधारे दादा.

चाचणीच्या दिवशी माझा रोजा होता. मनात आलं — जरा कमी आकडा सांगितला तर? लगेच जीभ चावली. खोटं बोलायचं तर उपास कशाला धरायचा? म्हटलं, अल्ला, तूच वाट दाखव.

धावण्याआधी, निवांत बसलेल्या एर्मेकचं मनगट धरलं आणि चमकले. अजून पाऊलही टाकलं नव्हतं, तरी नाडी चौखूर उधळलेली! वर पाहिलं. तो घाईनं डोंगर न्याहाळू लागला. कानाच्या पाळ्या लाल…

मी हात सोडला. "आके, आज नाडी तुम्ही बघा."

"मी? चष्मा घरी राहिलाय, पोरी."

"नाडीला चष्मा कशाला?"

एर्मेक धावला. आकेंनी मनगट धरलं. मी श्वास रोखून उभी.

"उतरली की! भराभर उतरली! पोरी, तुझ्या बोटांतच काहीतरी खोट आहे!"

सगळे स्वार खिदळले. मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

सूर्य मावळला, अजान झाली, तेव्हा एर्मेक चहा आणि बोर्सोक, कणकेचे गरम तळलेले तुकडे, घेऊन आला. मी एक घोट घेऊन रोजा सोडला.

"आधी बोलायचंत ना! संघातून गेला असतात."

"काय बोलणार? परक्या हाताखाली घोड्याची नाडी खरी येत नाही…"

"हिवाळाभर धरतेय. अजून परकी?"

"त्याला इलाज एकच, बेगिमाय." 'एजे' कुठंतरी गळून पडलं होतं. "हात कायमचा आपला करायचा. आईनं सुनेसाठी कानातली काढून ठेवलीत… घेऊन येऊ दे तिला तुमच्या घरी?"

 मी माझंच मनगट पुढं केलं.

"तुम्हीच बघा… काय म्हणतंय ते."