नकाशातली काळी टिकली

"ऑक्टोपसला तीन हृदयं असतात आणि त्याचं रक्त निळं असतं," सुश्रुतने मोबाइलवरून वाचून दाखवलं. "आता याहून अजब काही शोधा."

मे महिन्याची सुट्टी होती. वल्लरी आणि तिचा धाकटा भाऊ सुश्रुत भिवंडीहून चार दिवसांसाठी मेघालीकडे राहायला आले होते. मेघाली वल्लरीच्या वर्गातली. तिचं गाव मानकोलीच्या अलीकडे, गोदामांच्या रांगांमध्ये कसंबसं उरलेलं. बाहेर ऊन रणरणत होतं, म्हणून तिघांनी इंटरनेटवर अजब गोष्टी शोधायची पैज लावली होती.

वल्लरीला नकाशाची एक साइट सापडली. तिच्यावर उपग्रहाने काढलेले जुने फोटो होते. वर्ष मागे सरकवलं, की तीच जागा तेव्हा कशी होती ते दिसायचं. तिने मेघालीचं गाव शोधलं आणि पंधरा वर्षं मागे नेलं. गोदामं गेली, भाताची खाचरं आली. खाचरांच्या मधोमध, चिंचेच्या झाडाजवळ, टिकलीएवढा गोल काळा डाग होता. पुढच्या फोटोत तिथे नुसता मुरूम पसरलेला. त्याच्या पुढच्यात गोदामाचं आवार.

"हे काय आहे गं?"

मेघालीने निरखून पाहिलं. "माहीत न्हाय. तिथं तर आता ट्रक वळतात."

शेजारच्या ठमाबाई ओटीवर मिरच्या निवडत होत्या. त्यांनी डोळे बारीक करून फोटो पाहिला आणि त्यांचा हात थांबला.

"नवशाची विहीर हाय ती. सगला गाव तितं पानी भरायचा."

"मग बुजवली का ती?" वल्लरीने विचारलं.

"बुजवली कसली? येवढी खोल विहीर दोन दिवसांत बुजंल का? वर सिलॅप टाकला न मुरूम पसरला. आमी बोललो, पन आमचं कोन ऐकतो?"

म्हणजे ती विहीर अजून तशीच होती. आतून पोकळ.

तिघं लगेच गोदामाकडे निघाले. चिंचेचं झाड कुंपणाला लागून अजून उभं होतं. फोटोत झाडापासून विहीर जेवढ्या अंतरावर होती, तेवढी पावलं मेघालीने मोजली. ती थांबली तिथे पत्र्याची एक शेड होती. माल उतरवणाऱ्या बायका तिच्या सावलीत जेवायला बसल्या होत्या. शेडच्या खांबाला झोळी बांधून त्यांच्यातल्या आनंदीबाईंनी आपलं तान्हं बाळ निजवलं होतं.

शेडसमोरच्या जमिनीत वाकडी भेग गेली होती. सुश्रुतने तिच्यात एक खडा सोडला. तिघांनी श्वास रोखला. एक म्हणून दोन म्हणायच्या आत खालून आवाज आला. डुबुक.

वल्लरी धावत गोदामाच्या सुपरवायझरकडे गेली.

"काका, शेडच्या खाली विहीर आहे. फक्त स्लॅब आहे वर. तोही तडकलाय."

"कुणी सांगितलं? मोबाइलने?" तो हसला. "रोज वीस टनांची गाडी फिरते तिथून. चला, घरी जा."

तेवढ्यात फाटकातून कापडाच्या गाठींनी भरलेला ट्रक आत शिरला. वल्लरीला रडू येत होतं, पण ते गिळून ती आनंदीबाईंकडे वळली. "मावशी, आधी बाळाला घ्या. खाली विहीर आहे. मी खोटं सांगत नाही."

आनंदीबाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि एक शब्द न विचारता झोळी सोडली. बाकीच्या बायकाही डबे उचलून कुंपणाशी जाऊन उभ्या राहिल्या.

सुश्रुत आणि मेघाली ट्रकसमोर हात पसरून उभे राहिले. ड्रायव्हर खाली उतरला.

"क्या हुआ, बेटा?"

"चाचा, एक पत्थर डालके देखो," सुश्रुत म्हणाला.

ड्रायव्हरने भेगेत खडा टाकला. कान देऊन ऐकलं. दुसरा टाकला. मग ट्रकची किल्ली काढून खिशात घातली.

"साब, गाडी इसपे नहीं जाएगी."

"नोकरी जाईल तुझी!" सुपरवायझर ओरडला.

"जाने दो. जान तो रहेगी."

मेघाली सरपंचांना बोलावून आली. पाठोपाठ ठमाबाई आल्या. सरपंचांनी सगळ्यांना लांब केलं आणि जेसीबी मागवला. त्याचं बकेट जमिनीवर नुसतं टेकलं, तोच शेडसकट सगळा तुकडा खाली गेला. मोठा आवाज झाला आणि धुळीचा लोट उठला. धूळ बसली तेव्हा तिथे काळंभोर भगदाड होतं. कडेला गंजलेल्या सळया लोंबत होत्या. रोज दुपारी सुपरवायझरचीही खुर्ची त्याच शेडमध्ये असायची.

आनंदीबाईंनी बाळाला छातीशी घट्ट धरलं होतं. दुसरा हात त्यांनी वल्लरीच्या डोक्यावर ठेवला.

"पोरांनो, आज तुमच्यामुळे गावावरचं सुतक टळलं," सरपंच म्हणाले. "ठमाबाई, तुम्ही तेव्हाच सांगत होतात. ऐकायला हवं होतं आम्ही."

ठमाबाईंनी पलीकडच्या गोदामांकडे हात केला. म्हणाल्या, "ही येकच न्हाय, आजून विहिरी आशाच झाकल्या तवा."

सरपंचांचा चेहरा उतरला. त्यांनी चिंचेखाली बैठक मारली आणि वल्लरीला जवळ बसवलं.

"बाळा, तो जुना नकाशा काढ. ठमाबाई, तुम्ही पण या इथे. आज एकेक शोधूनच उठायचं."

वल्लरीने वर्ष मागे सरकवलं. सगळ्यांची डोकी स्क्रीनवर वाकली. ठमाबाईंचं मिरचीने लाल झालेलं बोट हळूहळू खाचरांवरून फिरू लागलं.